दोन्ही कान झाकल्यावर

१

दुपारचं जेवण झालं की मी मधल्या खोलीत पंख्याखाली खुर्ची ओढतो आणि गाणी ऐकतो. सवय नोकरीतली. तेव्हा ऐकायचो ती मनातल्या मनात, कारण कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाला कान दिलेले असतात ते साहेबाची बेल ऐकायला आणि लोकांची तक्रार न ऐकायला. उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी कामाला लागलो. कपाटं, खुर्च्या, फायली यांची वाटणी करण्यात तारुण्य गेलं. पुढे जिल्हा जुना झाला, मीही झालो. फरक एवढाच की त्याचा निरोप समारंभ झाला नाही.

निवृत्त झालो तो नेमका दुष्काळात. त्या वर्षी लातूरला पाणी आगगाडीनं यायचं. लोक स्टेशनवर जाऊन पाण्यासोबत फोटो काढून घ्यायचे. आमच्या गल्लीतल्या नळांवर बायका फडकी वाळत घालायच्या. खरं पाणी यायचं ते टँकरनं, एक दिवसाआड. मधला तो एक दिवस किती दिवसांचा, हे ठरलेलं नव्हतं. टँकर भर दुपारी यायचा, कोपऱ्यावर उभा राहून हॉर्न द्यायचा, आणि माणसं दिसली नाहीत की पुढच्या गल्लीत निघून जायचा. दारं लावून, पंखे फुल करून झोपलेल्या गल्लीला तो हॉर्न ऐकू जायचा नाही.

म्हणून गल्लीनं मला नेमलं. नागुबाई डाळमिलीत कामाला, पहाटे जाऊन दुपारी यायची. तिनं ओट्यावर उभं राहून ठराव मांडला.

"अण्णा, तुमाला दुपारी काय काम हाय? तुमी कान ठिवा. टँकर आला की हाक मारा. बास."

"मी पण झोपतो कधीकधी," मी म्हणालो.

"सरकारात लई झोपलात. आता जागा की."

ठराव बिनविरोध मंजूर झाला. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका महत्त्वाचा हुद्दा मला मिळाला नव्हता. दारासमोर पाणी साठवायच्या, नावं रंगवलेल्या टिपाडांची रांग असायची, आणि त्या सगळ्या टिपाडांचे कान मी.

मुलगी शिवकांता हैदराबादला असते. ती फोनवर म्हणायची, "अप्पा, इकडे या. इथे नळाला पाणी आहे."

"गल्लीचं पाणी माझ्या कानावर आहे," मी सांगायचो. तक्रारीच्या सुरात सांगायचो, पण ते वाक्य मला फार आवडायचं. मग ती विचारायची, जेवलात का? मी विचारायचो, तू जेवलीस का? पुढे दोघांकडेही काही नसायचं. आधी आमचं बोलणं नीलम्मा करून द्यायची. नीलम्मा म्हणजे माझी बायको. ती गेल्यापासून फोन फक्त चालू आहे.

२

गाणी हेडफोनवर ऐकायची वेळ आली ती शेजारच्या महादेवप्पामुळे. त्यानं घराच्या वर खोल्या बांधून क्लासची पोरं ठेवली आहेत. लातुरात ज्याला गच्ची आहे तो पोरं ठेवतो.

"अण्णाराव, तुमची कव्वाली भिंतीतून येऊन राहिली," तो म्हणाला. "पोरांना डॉक्टर व्हायचंय."

"कव्वालीनं कुणाचं डॉक्टर होणं अडत नाही."

"तुमचं काय जातंय? आईबाप मला बोलतेत."

मग गंजगोलाईच्या बाजारात वीरभद्रच्या दुकानात गेलो. हा माझ्या मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देतो. त्यानं काचेवर माल मांडला.

"ह्यो घ्या अण्णा. बेस लई हाय. ढोलक छातीत वाजती."

"छातीत काही वाजू देऊ नका असं डॉक्टरनं सांगितलंय."

"मग ह्यो. बिनवायरचा. रोज रात्री चार्ज करून ठेवायचा."

घरात भरून ठेवायच्या वस्तू आधीच पुष्कळ होत्या. मी नको म्हणालो आणि अडचण सांगितली. गाणं तर ऐकायचंय, पण टँकरचा हॉर्नही ऐकू आला पाहिजे.

"मग बारके घ्या, कानात बसायचे. एक कानात घाला, एक लोंबू द्या. निम्मे कान गाण्याला, निम्मे गल्लीला."

ते घेतले. त्यासोबत रबरी टोप्या आल्या होत्या, लहान, मध्यम, मोठ्या. माझा एक कान लहान निघाला आणि एक मध्यम. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण खरी अडचण पुढेच. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गवई एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला. डाव्या कानात घातलं तर नुसता पेटी-तबला, कुणी गायला येण्याची वाट बघत बसलेला. उजव्यात घातलं तर गवई एकटाच गातोय, साथीचे लोक उठून गेल्यासारखा. मला त्याची दया यायला लागली. एकट्या माणसानं एकटा माणूस किती वेळ ऐकायचा?

आठवड्यानं परत गेलो.

"दोन्ही कान लागतेत," मी म्हणालो.

वीरभद्रनं वरच्या फळीवरून खोकं काढलं. कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्यांचा मोठा काळा हेडफोन होता. डोक्यावर चढवला आणि गंजगोलाई बंद झाली. समोर रिक्षावाला तोंड उघडून कुणाला तरी शिव्या देत होता, पण एकही माझ्यापर्यंत पोचली नाही.

"कसं हाय?" वीरभद्रचे ओठ हलले.

मी खोकं काखेत मारलं. टँकर येऊन गेला की दुसऱ्या दिवशी तो कधीच येत नसे. हेडफोन फक्त त्या दिवशी घालायचा, असा मी मनाशी नियम केला. आपणच केलेला नियम पाळायला सोपा जातो.

३

पहिल्या दुपारी मी जे ऐकलं त्याचं वर्णन करत नाही. गवई मधोमध बसला होता आणि साथीचे लोक परत आले होते.

मग हेडफोन काढला. घर नुकतंच गप्प झालं होतं.

हे मला नीट सांगता येत नाही. माझं घर दुपारी गप्पच असतं, आणि ती शांतता मला पाठ आहे. ही तशी नव्हती. साहेबाच्या केबिनचं दार ढकलल्यावर आतलं बोलणं जागच्या जागी थांबतं ना, तशी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. ओट्यावरच्या पातेल्यावरचं झाकण अजून हलकेच डुलत होतं. माझ्यासमोर ते थांबलं.

तासभर गाद्यांखाली राहिलेल्या कानांना पुन्हा जगाची सवय व्हायला वेळ लागत असणार, असं मी ठरवलं. झाकण उंदरानं हलवलं. त्या दुष्काळात उंदीरसुद्धा पाण्याच्या शोधात भांड्यांवर चढत होते. कारण पटण्यासारखं होतं. मी ते स्वतःला दोनदा सांगितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ते पटलेलं नाही.

त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. काढला की घर नुकतंच थांबलेलं. एकदा बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीची वेतं करकरत सैल होत होती, कुणीतरी उठल्यावर होतात तशी. एकदा दाराची कडी साखळीवर झुलत होती. मी मुद्दाम ते बारके पुन्हा काढले आणि एकाच कानात घालून बसलो. दुसरा कान उघडा. काहीही झालं नाही. सबंध दुपार घर माझ्यासारखंच निवृत्त होतं.

४

एक दिवस टँकर लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला. आगगाडीनं जास्त पाणी आणलं असावं.

मी हेडफोन काढला तेव्हा बाहेर इंजिनाचा आवाज लांब चालला होता. गल्लीचं पाणी गेलं होतं, आणि घालवणारा मी होतो. धावत दारात आलो.

गल्ली ओली होती. टिपाडं काठोकाठ भरलेली. माझंही भरलेलं, वर ताट झाकलेलं. माझा पाइप गुंडाळून खुंटीला लावलेला, वेटोळ्यावर वेटोळं. मी आयुष्यात कधी पाइप असा गुंडाळलेला नाही.

नागुबाई घागर कमरेवर घेऊन उभी होती.

"अण्णा, आज बरी हाक मारली हो. ह्या टायमाला कुणाच्या ध्यानात पण नव्हतं."

"मी?"

"न्हाई तर काय कलेक्टर? दार वाजवलं की तुमी. वर मनले, नागुबाई, डाळ शिजत घातली असंल तर आता जास्तीचं पाणी घाल." ती हसली. "तुमाला इनोद येतेत हे ठाव नव्हतं."

मलाही ठाऊक नव्हतं. मी विनोद करतो, पण ते मनात करतो आणि ते कुणाला आवडण्यासारखे नसतात.

रात्रभर पर्याय लिहून तपासले. झोपेत उठून गेलो असेन. पण हेडफोनची वायर मोबाइलला, मोबाइल माझ्या खिशात, आणि गाणं शेवटपर्यंत मी ऐकलं होतं, एक तानही न चुकवता. दुसऱ्या कुणी हाक मारली असेल. पण नागुबाई माणसं ओळखण्यात चुकत नाही. तिसरा पर्याय मी लिहिला नाही. लिहिण्याची सवय असलेल्या माणसानं काही गोष्टी कागदावर आणू नयेत.

५

शिवकांताचा फोन आला. ती घरच्या जुन्या, वायरच्या फोनवरच करते. तो बाहेरच्या खोलीत आहे.

"अप्पा, काल किती बरं वाटलं," ती म्हणाली.

"काल?"

"दुपारी नाही का? इतकं बोललो आपण. आईच्या हातच्या धपाट्यांचं काय ते सांगत होता, मी ऑफिसात वेड्यासारखी हसत होते. असं आधी का नाही बोललात?"

काल दुपारी दोन्ही कान झाकून मी मधल्या खोलीत होतो.

"आणखी काय म्हणालो मी?"

"विसरलात लगेच? मी म्हटलं, हैदराबादला या. तर म्हणालात, आता नको, आता मला एकटं वाटत नाही."

मी भिंतीला पाठ लावली.

"अप्पा? मी येतेय. रविवारी. खूप दिवस झाले, नाही?"

आईच्या मृत्यूनंतरचं सगळं आटोपून ती परत गेली, त्यानंतर आली नव्हती. बोलवायचं मनात नव्हतं असं नाही. ये म्हणायला माझ्याकडे वाक्यच नव्हतं.

"ये," मी म्हणालो. "जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला होता. मला तो नेहमीचा आवाज ओळखू आला.

६

वीरभद्रकडे गेलो. हेडफोन काचेवर ठेवला.

"परत घे."

"वापरलेला माल कसा घेऊ? घामाचा वास येऊन राहिला की. बिघडला का?"

"नाही. ह्यात बाहेरचं काही ऐकू येतं का रे?"

"ह्यात? बाजूला तोफ डागली तरी न्हाई. त्याचेच तर पैशे हायेत." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "अण्णा, कानात काही वाजतंय का? घरी एकदा गाणं न लावता घालून बसा. मग कळंल, आवाज मशीनचा हाय का तुमचा."

तसंच केलं. दुपारी मधल्या खोलीत, गाणं न लावता. गाद्यांच्या आत आधी माझंच रक्त वाहताना ऐकू आलं. लांबून येणाऱ्या पाण्यासारखं. बाकी काही नाही.

मग तळपायांना कळलं.

शहाबादी फरशीवर मी अनवाणी होतो. बाहेरच्या खोलीत कुणीतरी चालत होतं. ते ऐकू येत नव्हतं, फरशीतून पायात येत होतं. एक पाऊल पूर्ण, एक किंचित घासत. गुडघा दुखायला लागल्यापासून मी तसाच चालतो.

मधल्या खोलीच्या दाराला नीलम्माच्या जुन्या लुगड्याचा पडदा आहे. मी तो बोटभर सरकवला. बाहेरचं दार उघडं होतं आणि उन्हानं पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. माझं बनियन, माझी लुंगी. मानेवर बसलेली, मला आरशात कधी न दिसणारी एक सुरकुती. मान जराशी कललेली, कान ठेवणाऱ्या माणसाची. त्यानं तोंडाशी हात नेला. खांदे उचलले. हाक मारली असावी, कारण समोरची दारं उघडायला लागली. बायका घागरी घेऊन आल्या. त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, त्यानं उत्तर दिलं, आणि नागुबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं. महादेवप्पानं वरून हात केला. माझ्याकडे बघून त्या गल्लीत कुणी असं कधी उजळलं नव्हतं.

तो वळेल असं वाटलं. मी हेडफोन ओढून काढला.

दारात नुसतं ऊन होतं. टँकरचा आवाज कानावर आदळला. मी पडदा बाजूला करून दारात गेलो. नागुबाई खाली वाकून पाइप लावत होती. तिनं वर पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यात राहिलं.

"का हो अण्णा? असं मधीच तोंड कामून पडलं?"

"काही नाही. ऊन आहे."

"हाव," ती म्हणाली आणि पाइपाकडे वळली. बाकीच्याही वळल्या.

मी हेडफोन कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. त्यानंतरच्या दिवसांत दोन्ही कान उघडे ठेवून टँकरची हाक मीच मारली. लोकांनी पाणी भरलं. कुणी दोन शब्द बोललं नाही. पूर्वीही बोलत नसत, पण पूर्वी मला ते जाणवत नसे.

७

शिवकांता रविवारी सकाळच्या गाडीनं आली. रिक्षातून उतरतानाच हसत होती. मला बघून हात पसरल्यासारखे केले, मग मी ते नीट घेतले नाहीत म्हणून खाली घेतले.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"अप्पा, सकाळचे साडेसात वाजलेत."

"मग चहा."

दुपारपर्यंत मी जमेल तितकं केलं. धपाट्यांची गोष्ट काढायची म्हटलं, तर ती गोष्ट मला माहीतच नव्हती. ती नीलम्मानं कधी सांगितली, कुणाला सांगितली? मी दुष्काळाबद्दल बोललो. पेन्शनच्या कागदांबद्दल बोललो. ती हं म्हणत होती. तिनं आईच्या फोटोवरची धूळ पुसली, भांडी घासायला किती कमी पाणी लागतं ते मला दाखवलं, आणि मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

"फोनवर कसं छान बोलत होता," शेवटी ती म्हणाली. रागानं नाही. "मला वाटलं, आता..." तिनं वाक्य सोडून दिलं. "अप्पा, तुम्हाला मी आलेली आवडली ना?"

"हो," मी म्हणालो. यापुढे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. ते सगळं माझ्या आत होतं, आणि तिथून बाहेर यायचा रस्ता मला सापडत नव्हता.

ती मोबाइलमध्ये गाड्या बघायला लागली. "उद्याची सुट्टी काढली होती. पण संध्याकाळची एक आहे. तुम्हाला उगाच त्रास." तिनं बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली, आणि शिवकांता मान खाली घालून तिच्याशी झटत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मी उभा राहून तिच्या भांगाकडे बघत होतो. तो तिच्या आईसारखा आहे.

"पाणी आणतो," मी म्हणालो आणि आत गेलो.

कपाटाची किल्ली फिरवली. हेडफोन थंड होता. मधल्या खोलीत खुर्चीवर बसलो, पाय फरशीवर टेकवले आणि गाद्या दोन्ही कानांवर नीट बसवल्या, डावी आधी, मग उजवी.

थोडा वेळ काही नाही. मग तळपायांना ती चाल लागली, एक पाऊल पूर्ण, एक घासत. ती स्वयंपाकघरातून निघाली, माझ्या पाठीमागून गेली. मी मान वळवली नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन थांबली.

पडदा बोटभर उघडा होता. मला शिवकांता दिसत होती, तो नाही. तिनं वर पाहिलं. आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या भुवया उंचावल्या, तिनं बॅग बाजूला सरकवली आणि काहीतरी विचारलं. उत्तर आलं असावं. ती हसायला लागली, डोकं मागे टाकून, लहानपणी हसायची तशी. डोळे पुसले. पुन्हा हसली. मग उठून बाजूच्या बोळानं स्वयंपाकघरात गेली आणि ट्रेमध्ये चहा घेऊन आली. पडद्यापासून हातभर अंतरावरून गेली, पण तिनं आत पाहिलं नाही. ट्रेमध्ये दोन कप होते.

मी मोबाइलवर गाणी लावली. लांबलचक यादी आहे, वीरभद्रनं कार्ड काठोकाठ भरून दिलंय. फक्त एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी मधे थोडी शांतता असते. तेवढी सरेपर्यंत मी दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट दाबून धरतो.